डी अँझाला जाऊ का? बाबा म्हणतात लोकांना काय सांगायचं

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई, आम्ही सनीव्हेलला राहतो. आठवीपर्यंत मी पुण्यात होते, मग बाबांच्या एच-वन व्हिसावर इकडे आलो, हायस्कूल पूर्ण इथेच झालं. मला कंप्युटर सायन्स करायचंय. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो, तिन्हीकडून नाही आलं. दुसऱ्या राज्यातल्या एका प्रायव्हेट कॉलेजचं आलंय, राहणं-जेवण धरून वर्षाला जवळपास सत्तर हजार डॉलर. मी म्हणते डी अँझाला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजला जाते आणि दोन वर्षांनी ट्रान्सफर घेते. बाबा म्हणतात, जिथे कुणालाही ॲडमिशन मिळते ते कॉलेज कसलं, मंडळात लोकांना काय सांगायचं. आई म्हणते तुझं तू ठरव पण रडू नकोस. १ मेपर्यंत ठरवायचंय. मी चूक करतेय का? आणि कम्युनिटी कॉलेजला जाणाऱ्याने आधी काय माहीत करून घ्यायला हवं?
– सनीव्हेलची एक मुलगी

अगं, चूक अजिबात करत नाहीयेस. पण "दोन वर्षांनी ट्रान्सफर घेते" हे जे तू एका ओळीत लिहून टाकलंयस ना, सगळी गोम त्या ओळीत आहे. कम्युनिटी कॉलेजात आत जायला कुणी अडवत नाही, बाहेर पडायचा रस्ता मात्र आपला आपणच आखायचा असतो, आणि तो पहिल्या दिवसाच्या आधी आखायचा असतो. मी इथे बे एरियात बरीच वर्षं मुलांना गणित शिकवतेय, या वाटेने गेलेली खूप मुलं पाहिलीत, बर्कलीला पोचलेलीही आणि चौथ्या वर्षीसुद्धा तिथेच अडकलेलीही, आणि त्यांच्यात हुशारीचा फरक मला तरी कधी दिसला नाही. फरक होता तो कुणी कधी काय विचारून ठेवलं होतं याचा.

आधी बाबांचं घेऊ, कारण ते पटल्याशिवाय तुझी झोप होणार नाही. कुणालाही ॲडमिशन मिळते हे खरंच आहे, पण ते मुद्दाम तसं केलंय. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, त्यात ठरलं की हायस्कूलच्या वरच्या साधारण आठव्या हिश्श्यातल्या मुलांसाठी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली-यूसीएलए हे तिचेच कॅम्पस), वरच्या एक तृतीयांशांसाठी कॅल स्टेट (राज्याची दुसरी युनिव्हर्सिटी), आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांसाठी खुलं, आणि तिथे चांगलं शिकलेल्यांना तिसऱ्या वर्षाला यूसी किंवा कॅल स्टेटमध्ये जागा. म्हणजे ही मागच्या दाराने घुसायची वाट नाही, राज्याने स्वतः बांधलेली वाट आहे. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. यूसीमध्ये ट्रान्सफरने येणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे याच कॉलेजांमधून येतात. बाबांना असं सांग की आपल्याकडे डिप्लोमा करून मुलं इंजिनिअरिंगच्या थेट सेकंड इयरला जातात ना, आणि शेवटी डिग्री इतरांसारखीच मिळते, तसंच हे. यूसीच्या डिग्रीवर पहिली दोन वर्षं कुठे केली ते छापलेलं नसतं. आणि मंडळात सांगायलाच काही हवं असेल तर ॲपलचा स्टीव्ह वॉझ्नियॅक, तोही सनीव्हेलचाच, बर्कलीला जायच्या आधी डी अँझालाच शिकला होता.

पण हे ऐकून खूश होऊन लगेच फॉर्म भरू नकोस, दुसरी बाजूही ऐक. अख्ख्या अमेरिकेचा हिशेब बघितला तर कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दहातल्या आठ जणांना पुढे बॅचलर्स करायची इच्छा असते, आणि प्रत्यक्षात ट्रान्सफर होतात ते साधारण एक तृतीयांश, सहा वर्षांत बॅचलर्स हातात पडते ती शंभरातल्या सोळाएक जणांच्या. हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही, तिथली खूप मुलं अर्धवेळ शिकतात, नोकरी करतात, काहींना स्वतःची लेकरं असतात. तुझ्यावर ते ओझं नाही. पण उरलेली कारणं तुलाही लागू होऊ शकतात: चुकीचे कोर्स घेतले, बरोबर कोर्स चुकीच्या क्रमाने घेतले, तारीख गेली, कुणाला विचारलंच नाही.

आता मुख्य हिशेब, हा नीट वाच. तू म्हणतेस दोन वर्षं, पण यूसीचा ट्रान्सफरचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो. डी अँझा क्वार्टरवर (वर्षाला तीन मुख्य सत्रं) चालतं आणि फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटाला सुरू होतं, म्हणजे अर्ज भरताना तुझ्या हातात मार्क असणार फक्त पहिल्या तीन क्वार्टरचे, उन्हाळ्यात काही केलं तर तेवढं जास्तीचं. म्हणजे जे काही दाखवायचंय ते पहिल्या वर्षातच दाखवायचं. फॉलचे ग्रेड जानेवारीत अपडेट करता येतात आणि ते बघितलेही जातात, पण पाया पहिल्या वर्षाचा. "पहिलं वर्ष जरा सेटल होते मग दुसऱ्या वर्षी जोर लावते" असं म्हणणारी मुलं इथेच मार खातात. आणि म्हणूनच काही जण शहाणपणाने तीन वर्षं घेतात, त्यात काहीही कमीपणा नाही, कंप्युटर सायन्ससारख्या मेजरला (मुख्य विषयाला) तर कित्येकदा तेच बरं पडतं.

का बरं पडतं सांगते. तुझ्या मेजरला लागणारे कोर्स साखळीत असतात. डी अँझाला कॅल्क्युलस चार क्वार्टरमध्ये पसरलेलं आहे, मॅथ १ए ते १डी, एक झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, त्यानंतर लिनिअर अल्जेब्रा, शिवाय फिजिक्सची मालिका, शिवाय प्रोग्रॅमिंगची मालिका डेटा स्ट्रक्चर्सपर्यंत. यातली एक कडी एका क्वार्टरने हुकली की मागचं सगळं सरकतं. एपी कॅल्क्युलसची (हायस्कूलमध्येच देतात ती कॉलेजच्या पातळीची) परीक्षा दिली असशील तर तो स्कोअर कॉलेजला लगेच पाठव, कदाचित सुरुवातच पुढच्या कोर्सपासून होईल. आणि एक साखळी एकाच कॉलेजात पूर्ण कर बाई. अर्धं कॅल्क्युलस क्वार्टरवाल्या डी अँझाला आणि उरलेलं सेमिस्टरवाल्या मिशन कॉलेजला असं केलंस तर मधला भाग कुठेच मोजला न जायची शक्यता असते. एकटे-दुकटे कोर्स, हिस्टरी वगैरे, ते खुशाल दुसरीकडे घे, फूटहिल तर डी अँझाच्याच डिस्ट्रिक्टमधलं आहे.

कुठला कोर्स कुठे चालतो हे कुणाच्या सांगण्यावर ठेवायचं नाही. असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत साइट आहे, तिथे डी अँझा निवड, मग यूसीचा कॅम्पस निवड, मग मेजर निवड, की इकडचा कुठला कोर्स तिकडच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात याची समोरासमोर यादी येते. फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. आज रात्रीच बस आणि तुला आवडणाऱ्या पाच-सहा कॅम्पसच्या याद्या उतरवून ठेव, मग त्या शेजारी ठेवून बघ, कारण बर्कलीला जे लागतं ते सगळं डेव्हिसला लागेलच असं नाही आणि उलटंही. पाचही ठिकाणी लागणारे कोर्स आधी, एकाच ठिकाणी लागणारे नंतर. माझ्या मते कम्युनिटी कॉलेजला जाणाऱ्याने फक्त एकच गोष्ट करायची असेल तर ती ही.

मग टॅग. टॅग म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. यूसीचे सहा कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. त्यातल्या कुठल्याही एकाच कॅम्पसचा टॅग भरता येतो, तोही सप्टेंबर महिन्यात, यूसीच्या नेहमीच्या अर्जाच्या आधी, आणि ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि ठरलेले कोर्स असले की जागा नक्की. टॅग भरला म्हणून बाकी कॅम्पसला अर्ज करता येत नाही असं नाही, सगळीकडे कर, हा हातातला राहतो. पण तू लिहिलेली तिन्ही नावं, बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो, यांच्याकडे टॅग नाही. आणि सहा कॅम्पसवरही कंप्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग बऱ्याच ठिकाणी टॅगमधून वगळलेलं असतं किंवा अट फार कडक असते, आणि यादी दरवर्षी बदलते, म्हणून त्या-त्या वर्षीचीच यादी बघायची, कुठल्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जायचं नाही.

त्यामुळे स्पष्ट सांगते, बर्कलीच्या कंप्युटर सायन्सवर सगळा डाव लावू नकोस. तिथे त्या मेजरला ट्रान्सफरने फार थोडे घेतात, चारपैकी चार जीपीएवालेसुद्धा राहतात, आणि "आधी दुसऱ्या मेजरने आत शिरते मग बदलते" हे तिथे धरून चालायचं नाही, फार अवघड आहे. तू स्वतःला विचार की तुला कंप्युटर सायन्स हवंय की बर्कली हवंय. कंप्युटर सायन्स हवं असेल तर डेव्हिस, सँटा क्रूझ, सॅन होजे स्टेट, कॅल पॉली असे सगळे पर्याय धर. बर्कली हवं असेल तर स्टॅटिस्टिक्स, अप्लाइड मॅथ असल्या मेजरचाही विचार कर, पण ते मनापासून आवडत असेल तरच. कॅल स्टेटसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर नावाचा प्रकार आहे, ती केली की कॅल स्टेटच्या व्यवस्थेत कुठेतरी जागा नक्की मिळते, फक्त "कुठेतरी", तुला हवा तोच कॅम्पस नाही, हे लक्षात ठेव.

काउन्सेलर. प्रत्येक कॉलेजात असतात, फुकट असतात, आणि एकेका काउन्सेलरकडे इतकी मुलं असतात की रजिस्ट्रेशनच्या आठवड्यात अपॉइंटमेंट मिळणं मुश्किल. म्हणून जून-जुलैमध्येच जा, असिस्टच्या याद्या छापून ने आणि लिखित एज्युकेशन प्लॅन करून घे. नुसतं "मी काय घेऊ" असं विचारलंस तर कुणालाही देतात तेच उत्तर मिळेल. "मला या चार कॅम्पसला या मेजरला जायचंय, माझा क्रम असा आहे, यात कुठे अडकेन" असं विचार. आणि तोच प्रश्न महिन्याभराने दुसऱ्या काउन्सेलरला विचार. उत्तरं जुळली नाहीत तर असिस्ट बघ. यात कुणावर अविश्वास दाखवायचा नाहीये, ती माणसं खूप कष्ट करतात, पण नर्सिंगपासून फिल्मपर्यंत सगळ्या मेजरची मुलं त्यांच्यासमोर येतात, प्रत्येकाचं सगळं डोक्यात राहणार कसं. आणि हो, ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन या दोन गोष्टी पूर्ण केल्या की रजिस्ट्रेशनची तारीख लवकरची मिळते. नवीन मुलांना नाहीतर उशिराची तारीख येते आणि तोवर मॅथ, फिजिक्सचे चांगल्या वेळेचे वर्ग भरलेले असतात. वर्ग भरला तरी वेटलिस्टवर नाव टाक आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस, पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात. ऑनलाइन वर्ग असेल तर पहिल्याच दिवशी लॉगिन करून काहीतरी जमा कर, कारण गेली काही वर्षं खोट्या नावांनी ऑनलाइन वर्गात शिरून मदतीचे पैसे लाटणाऱ्या टोळ्यांचा खूप त्रास झालाय या कॉलेजांना, त्यामुळे जो दिसत नाही त्याला शिक्षक काढून टाकतात.

पहिल्या क्वार्टरला उडी मारू नकोस. क्वार्टर म्हणजे बाराएक आठवडे, चौथ्या-पाचव्या आठवड्यात मिडटर्म येऊन उभी राहते, हायस्कूलसारखं वर्षभर सावरायला वेळ मिळत नाही. मॅथ, इंग्लिश कॉम्पोझिशन आणि प्रोग्रॅमिंगचा एक, एवढं पुरे. इंग्लिश टाळू नकोस, यूसीला ते लागतंच आणि आपली बरीच मुलं ते शेवटाला ठेवतात आणि मग पंचाईत होते. जमत नाहीये असं वाटलं तर ड्रॉप करायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, पहिली तारीख गेली की ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स सोडल्याची खूण) येतो, एखादा डब्ल्यू असला तर कुणी खात नाही पण ओळीने तीन-चार असले की प्रश्न विचारले जातात. आणि हे ऐक, सी मिळाला तर तो कोर्स ग्रेड सुधारायला पुन्हा घेता येत नाही, पुन्हा घेता येतो तो डी, एफ किंवा डब्ल्यू असेल तर, आणि त्यालाही मर्यादा असते. म्हणून मिडटर्मनंतरच्या आठवड्यात बसून विचार करायचा, हा कोर्स ओढायचा की सोडायचा.

शिकवण्याबद्दल मात्र निश्चिंत राहा. इथल्या शिक्षकांचं मुख्य कामच शिकवणं आहे. यूसीत जे कॅल्क्युलस तू शेकडो मुलांच्या हॉलमध्ये बसून ऐकलं असतंस ते इथे चाळीसएक जणांच्या वर्गात होतं, शिक्षकाला तुझं नाव माहीत होतं. फक्त बरेच शिक्षक अर्धवेळ असतात, सकाळी या कॉलेजात तर दुपारी त्या कॉलेजात गाडी हाणत जातात, त्यामुळे त्यांच्या ऑफिस अवर्स आखूड असतात, त्या चुकवू नकोस. वर्गात शेजारी कोण बसेल ते सांगता येत नाही: एकोणीस वर्षांचा मुलगा, सैन्यातून परतलेला कुणी, नोकरी गेलेला पन्नाशीचा इंजिनिअर, दोन मुलांची आई. मला हा या कॉलेजांचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, आणि त्या मोठ्या माणसांबरोबर अभ्यासाचा ग्रुप केलास तर बघ, ती एक दिवस चुकवत नाहीत.

आता जे तू पत्रात विचारलं नाहीस पण मला तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तू बाबांच्या एच-वनवर आहेस म्हणजे एच-४ वर, एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर. एच-४ वरच्यांना कॅलिफोर्नियाची रेसिडेन्सी मिळू शकते, म्हणजे फी इथल्या लोकांचीच, सेमिस्टरवाल्या कॉलेजात युनिटला ४६ डॉलर, डी अँझासारख्या क्वार्टरवाल्यात ३१. ट्रान्सफरला लागतात ९० क्वार्टर युनिट, म्हणजे दोन वर्षांची मिळून फी २,७९० डॉलर, वर किरकोळ शुल्क आणि पुस्तकं. (पुस्तकं फुकट असलेले वर्ग वेळापत्रकात खूण करून दिलेले असतात, ते शोध.) तिकडे प्रायव्हेटला दोन वर्षांचे एक लाख चाळीस हजार. घरी राहिलीस तर फरक इतका आहे की मला त्यावर अजून काही बोलायची गरज वाटत नाही.

पण एच-४ वर फेडरल मदत मिळत नाही, आणि मुलांना काम करायची परवानगीही नाही, ती मिळते ती फक्त जोडीदारांना, तीही ठरावीक अटींवर. म्हणजे कॉलेजच्या लायब्ररीतली नोकरी नाही, पगारी इंटर्नशिप नाही. हे तुझ्या मैत्रिणी करतील आणि तुला करता येणार नाही, याचा त्रास होतो, मी मुलींना यावरून रडताना पाहिलंय. क्लब, ट्यूशन सेंटरमधली विनापगारी मदत, स्वतःचे प्रोजेक्ट, यातून अर्जात लिहिण्यासारखं पुष्कळ करता येतं, पण काहीही स्वीकारण्याआधी कॉलेजला विचार.

आणि एकविसावं वर्ष. ग्रीन कार्ड तोवर आलं नाही तर एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो, मग बहुतेक मुलं एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जातात. तुझं वय बघता, दोन वर्षांत निघालीस तर हे बहुधा डी अँझाला असताना नाही, पुढे यूसीत गेल्यावर घडेल. एफ-वनवर आली की रेसिडेन्सीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि यूसीत बाहेरच्यांना वर्षाला तीस हजार डॉलरपेक्षा जास्त वरचे भरावे लागतात. बाबांनी मंडळातल्या लोकांची काळजी करण्यापेक्षा ही करावी, असं मी म्हणते आणि त्यांना हे पत्र वाचायला दे. त्यांच्या कंपनीच्या वकिलाला आत्ताच विचारायचं: आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) कधी फाईल झाला, किती दिवस पेंडिंग होता, कारण वय मोजताना काही वेळा ते दिवस वजा होतात; एफ-वनचा अर्ज किती आधी करायचा; आणि ज्या यूसीत जायचा विचार आहे तिथल्या रेजिस्ट्रारला ईमेलने विचारायचं की मध्येच स्टेटस बदलला तर फीचं काय. उत्तर लेखी घ्यायचं. प्रायव्हेटला गेलीस तरी एकविसावं चुकणार नाहीच, फक्त तोवर घरातले सगळे पैसे तिकडे गेलेले असतील. इथे वाचलेले पैसे त्या वेळी कामाला येतील, म्हणूनही मी डी अँझाच्या बाजूने आहे.

एकटेपणाचंही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. सप्टेंबरमध्ये तुझ्या मैत्रिणी डॉर्मच्या खोल्यांचे फोटो टाकतील आणि तू आईच्या हातचा डबा घेऊन स्टीव्हन्स क्रीकच्या सिग्नलला उभी असशील. डी अँझाला हॉस्टेल नाही, वर्ग संपला की सगळे गाडीत बसून निघून जातात. मैत्री आपोआप होत नाही, ठरवून करावी लागते. वर्ग संपल्यावर लगेच घरी यायचं नाही असं ठरव, दोन तास लायब्ररीत किंवा मॅथच्या ट्यूटोरियल सेंटरमध्ये बसायचं, तिथे रोज तेच तेच चेहरे दिसायला लागतात आणि तेच पुढे तुझ्याबरोबर ट्रान्सफरचे अर्ज भरतात. एक क्लब धर. आणि आईबाबांशी आधीच बोलून घे की घरी राहतेय म्हणजे हायस्कूलमध्ये आहे असं नाही, पाहुणे आले, धाकट्याला क्लासला सोडायचंय, मंडळाच्या गणपतीची तयारी आहे, सगळं तुझ्यावर टाकायचं नाही, निदान मिडटर्मच्या आठवड्यात तरी नाही.

राहिलं १ मेचं. ती तारीख प्रायव्हेट कॉलेजची आहे, डी अँझाची नाही. डी अँझाचा अर्ज ऑनलाइन आहे, पैसे लागत नाहीत, निबंध लागत नाहीत, आज भरलास तरी काही बांधिलकी नाही, उलट अर्ज आधी झाला की स्टुडंट नंबर लवकर येतो आणि काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेता येते. रेसिडेन्सीसाठी एच-४ ची कागदपत्रं आणि बाबांचे टॅक्सचे कागद काढून ठेव, ॲडमिशन ऑफिस मागतं, आणि चुकून परराज्याची फी लागली तर क्वार्टर सुरू व्हायच्या आधीच जाऊन दुरुस्त करून घे. यूसीच्या कुठल्या वेटलिस्टवर असशील तर ते नाव तसंच राहू दे. आणि प्रायव्हेटला डिपॉझिट भरण्याआधी बाबांना एका शनिवारी डी अँझाच्या कॅम्पसवर घेऊन जा, फिरवून आण. नाहीच ऐकले तर पुन्हा लिही, मी त्यांच्याशी फोनवर बोलते.